कारवीवर बसलेला चापडा

जुलैतल्या आंबोलीत रात्री बॅटरी पेटवली की आधी दिसतं ते धुकं. मग थेंब, मग ओली पानं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने आम्ही दोघं चाललो होतो, मी आणि गावातला बारावीत शिकणारा एक मुलगा. एका ठिकाणी त्याने हात आडवा घालून मला थांबवलं आणि कारवीच्या एका काठीवर उजेड धरला. माझ्या छातीच्या उंचीवर, जेमतेम चार हातांवर साप बसला होता. मी त्याच दिशेला बघत चाललो होतो आणि तरी मला तो दिसला नव्हता.

"काकानू, कालय हयच होतो," मुलगा म्हणाला. "परवाय हयच." म्हणजे साप कालही इथेच होता आणि परवाही.

शेपटीचे दीड वेढे काठीला घट्ट. पुढचं अंग घडी घालून मागे ओढलेलं, डोकं खाली व्हाळाकडे रोखलेलं. जाडी माझ्या अंगठ्याएवढी, लांबी हातभर. अंगाचा रंग शेवाळी हिरवा, त्यावर फुटक्या तपकिरी ठिपक्यांची नक्षी. पावसाचे थेंब त्याच्या डोक्यावर पडून ओघळत होते आणि तो हलत नव्हता. मी दहा मिनिटं उभा होतो. तेवढ्या वेळात हालचाल दिसली ती फक्त श्वास घेताना कुशीची.

हा मलबार चापडा, इंग्रजी नावाने मलबार पिट वायपर. याच्याविषयी वाचायला बसलं की विष, दात, रंग, उष्णता ओळखणारं इंद्रिय अशा सुट्या सुट्या गोष्टी हाताला लागतात. मला वाटतं, त्या सगळ्या एका धाग्यात ओवता येतात आणि तो धागा म्हणजे त्याचं बसणं. धामण भक्ष्य हुडकत दिवसभर शेतं पालथी घालते. चापडा एक जागा निवडतो आणि तिथे रात्रीच्या रात्री बसून भक्ष्याची वाट बघतो. त्याचं शरीर, डोकं, शेपटी, पोट सगळं या एका कामासाठी घडलेलं आहे.

आधी त्याचं गाव. हा साप जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. आपल्याकडे आंबोली, तिळारी, चोर्ला या बाजूला आणि गोव्यात म्हादईच्या जंगलात तो पावसाळ्यात हमखास दिसतो, तिथून खाली कर्नाटक आणि उत्तर केरळपर्यंत. शास्त्रीय नोंद 1854 सालची, मद्रास सैन्यातले डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक टी. सी. जर्डन यांची. पुढे बरीच वर्षं घाटाच्या दक्षिण टोकापर्यंतचे असे सगळे साप एकाच जातीचे मानले जात होते. 2021 साली भारतीय द्वीपकल्पातल्या पिट वायपरांचा जनुकं, खवले आणि शरीराची मापं धरून कसून अभ्यास झाला आणि पालघाटच्या खिंडीच्या दक्षिणेकडचे साप अनामलाई पिट वायपर म्हणून वेगळे काढले गेले. पालघाटची खिंड म्हणजे डोंगररांगेतला 30-40 किलोमीटरचा सपाट, कोरडा तुकडा. आपल्याला तो रेल्वेने तासाभरात ओलांडता येतो. ओल्या झाडीत एकाच फांदीवर रात्री काढणाऱ्या सापासाठी तो समुद्रासारखा आहे. अशा सापाची एक जात लाखो वर्षांत दोन होते, यात मग नवल वाटत नाही.

आपल्याकडे याचा एक सख्खा भाऊ आहे, बांबू पिट वायपर. साधं 'चापडा' म्हटलं की बहुतेकदा तोच अभिप्रेत असतो, पण इथे मी मलबार चापड्यालाच चापडा म्हणतो आहे. तो एकरंगी हिरवा असतो आणि सह्याद्रीत उत्तरेकडेही भेटतो. आता कोकणात हिरवा साप दिसला की ओरड एकच होते, पण हिरवे साप इथे निदान तीन प्रकारचे आहेत आणि त्यांच्यातला फरक कळायला हवा. गवत्या जमिनीवर, गवतात फिरतो, स्वभावाने गरीब. हरणटोळ वेलीसारखा बारीक, टोकदार नाकाचा, डोळ्याची बाहुली आडवी, दिवसा जागणारा. तो झाडावरून टाळूवर झेप घेतो, ही समजूत मी लहानपणापासून ऐकतो आहे. ती खोटी आहे. त्याचं विष सौम्य असतं आणि विषाचे दात जबड्यात मागे असतात. चापड्याचं डोकं मात्र मानेपासून ठळक वेगळं, त्रिकोणी, बाहुली मांजरासारखी उभी, अंग जाड आणि चाल संथ. हे सगळं लांबूनच बघायचं. ओळख पटवण्यासाठी जवळ जायचं कारण नाही.

आता त्या इंद्रियाकडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे.

चापड्याच्या प्रत्येक बाजूला डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खड्डा असतो. घोणस आणि फुरसं याच कुळातले, पण त्यांना हा खड्डा नसतो. अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाला असतो. अजगरालाही असे खड्डे असतात, पण ते ओठांच्या खवल्यांवर, आणि ते त्याला वेगळ्या वाटेने मिळालेले आहेत. चापड्याच्या खड्ड्याच्या आत एक पडदा ताणलेला असतो, साधारण 15 मायक्रोमीटर जाडीचा. आपला केस त्याच्या चार-पाच पट जाड. पडद्याच्या पुढेही हवा, मागेही हवा.

पडदा इतका पातळ कशासाठी, हे चुलीपाशी बसलेल्या कुणालाही कळेल. भाकरीचा जाड तवा तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. पापड निखाऱ्यावर धरला की क्षणात तापतो, बाजूला केला की क्षणात गार. बदल ताबडतोब कळायला हवा असेल तर वस्तू पापडासारखी हवी, मागे हवा असलेली, कुठल्याही मांसाला न टेकलेली. उंदराच्या अंगातून निघणारी उष्णता खड्ड्यात शिरते, पडद्याचा एक ठिपका अंशाच्या काही हजाराव्या भागाने तापतो, आणि एवढं पुरतं. खड्ड्याचं तोंड लहान असल्यामुळे डावीकडून आलेली ऊब पडद्याच्या उजव्या भागावर पडते, उजवीकडून आलेली डाव्या. शाळेत पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने भोक पाडून कॅमेरा केला असेल तर हे तत्त्व ओळखीचं वाटेल. दोन्ही बाजूंना एकेक खड्डा असल्यामुळे नेमकी दिशाही कळते.

हे पडद्याला कळतं कसं? 2010 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने खुळखुळ्या सापांवर काम करून उत्तर दिलं. पडद्यात पसरलेल्या चेतातंतूंवर टीआरपीए-1 नावाचं एक प्रथिन ठासून भरलेलं असतं. ते म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार. साधारण 28 अंशांच्या वर ते उघडतं आणि मेंदूकडे इशारा जातो. हे प्रथिन आपल्यातही आहे, पण आपल्यात त्याचं काम वेगळं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना वाटीवर नाक नेलं की जो झणका थेट कपाळात जातो, तो याच दाराचा. आपल्या नाकाला मोहरी कळवणारं दार या सापांनी उष्णतेसाठी वापरात आणलं. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे चेहऱ्याची शीरही एकच, जी आपल्याला दात दुखल्याचं सांगते तीच. ज्युलियस यांना पुढे 2021 साली तापमानाच्या जाणिवेवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं, तेही एका झणक्याच्या मागे जाऊनच. मिरची तिखट का लागते, इथून त्यांनी सुरुवात केली होती.

मेंदूच्या ज्या भागात डोळ्यांकडून आलेलं चित्र उमटतं, त्याच भागात या खड्ड्यांकडून आलेलं उष्णतेचं चित्रही उमटतं. म्हणजे सापाला नजर आणि ऊब अशा दोन वेगळ्या बातम्या मिळत नाहीत, एकावर एक बसलेलं चित्र मिळतं. किर्र अंधारात उंदीर त्याच्यासाठी थंड पानांवर सरकणारा उबदार डाग असतो.

इथे एक शंका रास्त आहे, आणि त्या मुलाने ती मला विचारली. चापडा इथे सर्रास बेडूक खातो, आणि बेडकाचं रक्त तर थंड. मग खड्ड्याचा उपयोग काय? एक तर, खड्डा फरक मोजतो. ओल्या कातडीवरचं पाणी सतत सुकत असतं, त्यामुळे बेडूक बरेचदा भोवतालापेक्षा जरा गार असतो, माठातलं पाणी असतं तसा. दुसरं, डोळे आणि जीभ कामावर असतातच, सगळा भार खड्ड्यावर नाही. तिसरं, खड्डे केवळ शिकारीसाठी नाहीत. खुळखुळ्या सापांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की तापलेल्या जागेतून बाहेर पडून गार आडोसा शोधायलाही ते हे खड्डे वापरतात.

भक्ष्य टप्प्यात आलं की मग मात्र सगळं क्षणार्धात होतं. घडी घातलेलं पुढचं अंग सुटतं, शेपटी काठीला धरून राहते. वरच्या जबड्यातले विषाचे दात एरवी टाळूशी मिटलेले असतात, चाकूचं पातं मुठीत मिटावं तसे. तोंड उघडताच ते पुढे उभे राहतात. घोणस उंदराला चावते आणि बहुधा सोडून देते, कारण तो पळून मेला तरी वासाच्या मागावर जाऊन सापडतो. झाडावर बसलेल्याला ती चैन नाही. सोडलेला बेडूक खाली व्हाळात पडला की गेला. म्हणून झाडावरचे हे साप पकडलेलं सहसा सोडत नाहीत. दात रोवून ते लटकवून धरतात आणि विषाचा अंमल होईपर्यंत थांबतात. त्या वेळी दोघांचंही वजन पेलते ती शेपटी. पाचवा हात म्हणावा अशी ती पकड आहे, आणि सापाला तर पहिले चारही नाहीत.

एवढं थांबून पोट भरतं का? भरतं, कारण पोटाची मागणीच कमी आहे. उंदराला अंग गरम ठेवायला रोज खावं लागतं. सापाला अंग गरम ठेवायचंच नसतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानाने त्याला फारच थोडं लागतं. एक चांगला घास आणि मग दिवसचे दिवस काही नाही. पिल्लांचा भर लहान बेडूक आणि पालींवर, मोठ्यांच्या खाण्यात उंदीर, चिचुंद्री, क्वचित छोटे पक्षीही येतात. आंबोलीत पावसाळ्यात व्हाळाकाठी इतके बेडूक जमतात की बोललेलं ऐकू येत नाही. चापडाही त्याच दिवसांत त्याच काठावर येतो.

रंगाचं सांगायला हवं. मी हिरवे पाहिले आहेत, तपकिरी पाहिले आहेत, आणि एक पिवळसर, वाळक्या पानाच्या कडेसारखा. शिवाय नारिंगी, राखाडी, निळसर झाक असलेलेही याच जातीचे असतात. सरड्यासारखे ते बसल्या जागी रंग पालटत नाहीत. एकाच जंगलात एकाच जातीचे साप वेगवेगळ्या रंगांचे असतात, एवढंच. शेवाळलेल्या दगडावर तपकिरी बसला तर दगडाचाच भाग वाटतो. बसून राहणाऱ्यासाठी न दिसणं हे दुहेरी कामाचं आहे. भक्ष्य सावध होत नाही आणि वरून घिरट्या घालणाऱ्या सर्पगरुडालाही चटकन सापडत नाही.

चापडा अंडी घालत नाही. अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. आंबोलीत वर्षाला 7000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या चिखलात घरटं करून अंडी सांभाळण्यापेक्षा पोटात घेऊन फिरणं सोयीचं, ऊन पडलं की उन्हाला बसायचं, गारठलं की आडोशाला. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, साधारण दीड-दोन फूट, क्वचित तीन फुटांपर्यंत. पिल्लं जन्मल्यापासून स्वतंत्र. आई सांभाळत नाही, आणि गरजही नसते, दात आणि विष घेऊनच ती येतात.

आता माणसांचं. बसून राहण्याचा हा स्वभाव जंगलात कामाला येतो आणि बागेत घात करतो. माणूस जवळ आला की धामण सळसळत निघून जाते. चापडा तिथेच राहतो, कारण आजवर न हलण्यानेच त्याला वाचवलं आहे. काजूच्या बागेत बेणणी करणारा माणूस कोयती घेऊन झुडपात हात घालतो आणि साप छातीच्या, खांद्याच्या उंचीवर असतो. दंश होतो तो हाताला, बोटाला. चहा-कॉफीच्या मळ्यांतही हेच.

विष मुख्यतः रक्तावर आणि चावलेल्या जागेवर काम करतं. आग होते, सूज चढते, कधी फोड येतात. या सापाच्या दंशाने माणूस दगावणं फार विरळ. पण विरळ म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं नव्हे, आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट लोकांना माहीत नसते. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारी सर्पविषावरची लस चार सापांच्या विषावर बनते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा देतात, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव या कामासाठी आपल्याला परिचयाचं आहे. चापड्याचं विष या चारांत नाही. त्यामुळे चापडा चावल्यावर ही लस भरवशाची नसते, आणि घोड्याची प्रथिनं असल्यामुळे तिची जोरदार रिॲक्शनही येऊ शकते. डॉक्टरांनी लस लगेच टोचली नाही म्हणून नातेवाईक चिडतात, दवाखान्यात आवाज चढतो. ती टाळाटाळच असते असं नाही.

डॉक्टर काय बघत असतात ते सांगतो. काचेच्या नव्या, कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात आणि हात न लावता 20 मिनिटं ठेवतात. मग नळी एकदा तिरपी करतात. रक्त गोठून गोळा झालेलं असेल तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकद मोडली आहे. मोठ्या यंत्राशिवाय, तालुक्याच्या दवाखान्यात होणारी ही तपासणी पुन्हा पुन्हा करून लस द्यायची की नाही ते ठरवतात. म्हणून "बरं वाटतंय" म्हणून दोन तासांत घरी निघून येऊ नये. शिवाय कोकणात रात्री चावलेला साप चापडाच होता की फुरसं, हे अंधारात कोण सांगणार? फुरशाला लस लागते.

वाटेत करायचं ते थोडंच आहे. चावलेला हात हलवायचा नाही, कामटी किंवा पट्टी बांधून आधार द्यायचा, अंगठी-बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज चढली की त्या रुततात. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, मांत्रिकाकडे थांबायचं नाही. 108 ला फोन आणि दवाखाना. सापाला मारून बरोबर न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

आकडा मोठा आहे म्हणून हे इतकं लिहितो आहे. 2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000, असा 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, घरात आणि शेतात. यातला मोठा वाटा घोणस, मण्यार, नाग यांचा. केंद्र सरकारने 2024 साली आखलेल्या योजनेत 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. प्रत्येक भागातल्या सापाच्या विषावर तिथलीच लस हवी, ही अभ्यासकांची जुनी मागणी आहे आणि मला ती अगदी पटते. केरळ-कर्नाटकात चापड्याचा एक भाऊबंद, उंचावलेल्या नाकाचा पिट वायपर, मूत्रपिंड निकामी करू शकतो आणि त्यावरही आपल्याकडची लस चालत नाही.

चौथ्या रात्री आम्ही पुन्हा त्या व्हाळावर गेलो. पावसाळ्यात आंबोलीत रात्रीच्या भटकंतीला येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. त्यातले बरेच जण लांबूनच बघतात, सापाला हात लावू देत नाहीत. पण काहींना फोटोत पान आडवं आलेलं चालत नाही. ते काठीने डोकं वळवतात, फांदी वाकवतात, दहा-दहा फ्लॅश मारतात. अंधारात त्यांना अडवायला कुणी नसतं. उठवलेला साप त्या क्षणी मरत नाही. त्याने रात्रींमागून रात्री घालवून धरलेली जागा तेवढी जाते, आणि बेडकांचा हंगाम चार महिन्यांचाच असतो.

कारवीची ती काठी मधोमध मोडली होती. पुढची तीन-चार पानं खुडून खाली टाकलेली, चिखलात बुटांचे ठसे. मुलाने बॅटरी आजूबाजूच्या प्रत्येक काठीवरून सावकाश फिरवली, मग दगडांवरून, मग पलीकडच्या काठावरून. अर्धा तास तो शोधत होता. मग त्याने मोडलेली काठी उचलून सरळ केली, शेजारच्या झुडपात टेकवली, आणि आम्ही परत फिरलो.